घोडबंदरला टोळधाड आलेली नाही
‘घोडबंदर रोडवर टोळधाड, खिडक्या लावून घ्या, चावली तर विष चढतं’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सोबतच्या फोटोत ट्यूबलाइटजवळ एकच हिरवा किडा आहे. एकट्याची धाड! त्याच्या मिशा अंगापेक्षा लांब, दोऱ्यासारख्या बारीक आहेत. टोळाच्या आखूड असतात. हा लांब मिशांचा नाकतोडा, रातकिड्यांचा भाऊबंद. याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली असतात. येऊरचं जंगल शेजारी असताना पावसाळ्यात तो दिव्यावर येणारच. वाळवंटी टोळांचे थवे दिवसा उडतात, रात्री झाडांवर बसतात. मे २०२० मध्ये ते विदर्भात आले, तेव्हाही धोका पिकांना होता, माणसांना नाही. विषाचं म्हणाल तर निव्वळ थाप. नाकतोडा घट्ट धरलात तर फार तर चिमटा काढेल. फवारणीवाल्याला बोलावू नका, पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोडा.