व्हिएतनाम युद्धाला 'चूक' म्हणणे मला का पटत नाही

व्हिएतनाम युद्धाचा विषय निघाला की शेवटी बहुतेक जण 'अमेरिकेची ती मोठी चूक होती' या वाक्यावर येऊन थांबतात. तिथले निवृत्त मुत्सद्दी असे म्हणतात आणि इथले आपण लोकही म्हणतो. युद्धाच्या चढत्या काळात संरक्षणमंत्री असलेल्या रॉबर्ट मॅक्नामारा यांनीही १९९५ साली आपले चुकले, फार चुकले, अशी कबुली दिली. मला मात्र हा शब्द पटत नाही. माणूस चूक करतो ती न कळल्यामुळे. हे युद्ध ज्यांनी वाढवले त्यांना पुष्कळ काही कळलेले होते, आणि तेही सुरुवातीलाच.

अध्यक्ष लिंडन जॉन्सन आपली फोनवरची बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवत, आणि ती आता कोणालाही ऐकता येतात. २७ मे १९६४ रोजी ते सिनेटमधले आपले जुने स्नेही रिचर्ड रसेल यांच्याशी व्हिएतनामविषयी बोलले. रसेल सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष होते, साम्यवादाचे कट्टर विरोधक होते, आणि तरीही या भानगडीतून बाहेर कसे पडावे हे सुचत नाही असे ते मोकळेपणाने सांगतात. जॉन्सन यांचा आवाज थकलेला आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या एका सार्जंटविषयी ते बोलू लागतात. त्या सार्जंटला सहा मुले आहेत. सैन्य पाठवण्याचा विचार मनात आला की आपण त्या सहा मुलांच्या बापाला डोळ्यांसमोर आणतो, त्याला तिकडे धाडून आपल्या हाती काय लागणार असे स्वतःला विचारतो, आणि अंगावर काटा येतो, असे ते म्हणतात. मात्र माघार घेणाऱ्या अध्यक्षावर महाभियोग येईल, ही धास्तीही त्याच बोलण्यात आहे. त्याच दिवशी सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना ते सांगतात की हे लढण्याच्या लायकीचे आहे असे मला वाटत नाही, आणि यातून निघता येईल असेही वाटत नाही. मी ते ध्वनिमुद्रण तीन-चार वेळा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी त्या सार्जंटपाशी थांबलो आहे.

यानंतर दहाच आठवड्यांनी टोंकिनच्या आखातातला प्रसंग घडला. २ ऑगस्टला 'मॅडॉक्स' या अमेरिकी युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी खरोखरच हल्ला केला होता. ४ ऑगस्टचा म्हणून जो दुसरा हल्ला सांगण्यात आला, तो मात्र झालाच नव्हता. तिथल्या नौदल अधिकाऱ्याने काही तासांतच शंका कळवली होती. तरीही त्याच रात्री जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून प्रतिहल्ल्याची घोषणा केली आणि ७ ऑगस्टला संसदेने त्यांना जवळजवळ हवे ते करण्याची मुभा दिली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात मत देणाऱ्या वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग या दोघांनाही १९६८ च्या निवडणुकीत आपली जागा गमवावी लागली. मार्च १९६५ मध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरले आणि १९६८ साली तिथल्या अमेरिकी सैनिकांची संख्या पाच लाखांच्या वर गेली. मधल्या काळात उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल यांनी, हे युद्ध जिंकता येणार नाही आणि पुढे अपमान टाळणे अधिकच महाग पडेल, असे लेखी बजावले होते. तो इशारा वाचला गेला आणि बाजूला ठेवला गेला.

त्याआधीचा इतिहासही अज्ञानाचा नाही. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत स्वातंत्र्य जाहीर करताना साम्यवादी नेते हो चि मिन्ह यांनी सुरुवातच अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या शब्दांनी केली होती. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांना उत्तर आले नाही. पुढे फ्रान्सच्या वसाहतवादी युद्धाचा बहुतांश खर्च अमेरिकेनेच उचलला. देशाचे तात्पुरते उत्तर-दक्षिण भाग पाडणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार दोन वर्षांत संपूर्ण देशात निवडणुका व्हायच्या होत्या. दक्षिणेतल्या दिएम सरकारने त्या होऊ दिल्या नाहीत आणि अमेरिकेने त्याला पाठबळ दिले. या कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांनीही हे सारे जवळून पाहिले होते. १९६६ च्या दुष्काळात इंदिरा गांधींनी बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली तेव्हा जॉन्सन संतापले होते. त्या वर्षी भारताला जाणारा गहू ते हात आखडून, थोडा थोडा सोडत होते, आणि त्यामागच्या कारणांत हा रागही होता.

उत्तर व्हिएतनामची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणत नाही. १९६८ साली ह्युए शहरात त्यांच्या फौजांनी हजारोंना ठार केले, आणि १९७५ नंतर लाखो लोकांना होड्यांतून देश सोडावा लागला. अमेरिकी लष्कराचे हात बांधलेले होते, नाहीतर ते जिंकले असते, हा दावा मात्र मला मान्य नाही. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर मिळून सत्तर लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बच्या कितीतरी पट हा आकडा आहे. हात बांधून एवढे बॉम्ब पडत नाहीत. व्हिएतनाम सरकारच्या अंदाजानुसार तिथले सुमारे वीस लाख नागरिक मेले.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असताना वॉशिंग्टनचे व्हिएतनाम स्मारक पाहिले. माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने त्याचा आराखडा केला होता. भिंतीचा काळा दगड बेंगळुरूकडचा आहे. त्यावर ५८,००० हून अधिक नावे आहेत, आणि ती अकारविल्हे नसून ज्या क्रमाने माणसे गेली त्या क्रमाने कोरलेली आहेत. त्यामुळे ही भिंत तारखेनुसार वाचता येते, आणि मी ती तशीच वाचत गेलो. २७ मे १९६४ पर्यंतची नावे काही शेच आहेत, ती पहिल्याच फलकावर मावतात. बाकी सगळी त्या फोननंतरची. भिंतीची पूर्वेकडची बाजू मे १९६८ च्या अखेरीस संपते. पॅरिसमधली शांततेची बोलणी त्याच महिन्यात सुरू झाली होती. म्हणजे पश्चिमेकडची अख्खी बाजू, जवळजवळ अर्धी नावे, वाटाघाटी चालू असताना मेलेल्यांची आहे. तिथे एक बाई एका नावावर कागद धरून पेन्सिल घासत होती आणि अक्षरे हळूहळू कागदावर उमटत होती. मी जरा लांबच उभा राहिलो.

या पश्चिमेकडच्या बहुतेक नावांचा हिशेब जॉन्सन यांच्यानंतरचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याकडे मागितला पाहिजे. त्यांच्या कारकिर्दीत सुमारे एकवीस हजार अमेरिकी सैनिक गेले. युद्ध कंबोडियात नेले म्हणून निदर्शने झाली तेव्हा ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, आणि चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी विद्यार्थ्यांना भर रस्त्यात मारहाण केली. देश असा उभा चिरला जात होता आणि बंद दाराआड मात्र वेगळेच बोलणे चालले होते. ३ ऑगस्ट १९७२ च्या ध्वनिमुद्रणात दक्षिण व्हिएतनाम बहुधा टिकणार नाही असे निक्सन म्हणतात, आणि त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर सांगतात की वर्ष-दोन वर्षे सगळे तग धरेल असा काहीतरी तोडगा काढला पाहिजे, मग कोणाला त्याचे काही वाटणार नाही. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती.

पॅरिसचा करार २७ जानेवारी १९७३ रोजी झाला. शस्त्रसंधी अमलात येण्याच्या अकरा तास आधी आन लोक येथे तोफगोळ्याने एक अमेरिकी लेफ्टनंट कर्नल मारला गेला. त्याचे नाव पश्चिमेकडच्या अगदी शेवटच्या फलकावर आहे. त्याला पाच मुले होती.