दर पाच सेकंदांनी एक थेंब

आमच्या घरात पाण्याचा हिशेब घागरीत होतो. सोलापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवसाला 'पाण्याचा दिवस' म्हणतात, आणि त्या दिवशी सख्ख्या भाच्याचं लग्न असलं तरी एक माणूस नळापाशी ठेवूनच बाकीचे अक्षता टाकायला जातात. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर. तिथलं पाणी आमच्या टाकीत पडायला लागलं की आई झाकण उचलून आत डोकावते, लांबचा पाहुणा नीट पोचला ना हे बघावं तशी. अशा घरात मी दीडशे लिटर पाणी दोन गोल्डफिशना कायमचं राहायला दिलं.

निमित्त कन्येच्या वाढदिवसाचं. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच असा फिशटँक आला. कन्येनं माशांची नावं भजी आणि पापडी ठेवली. गोल्डफिश हे दिसायला नाजूक आणि वागायला मंगल कार्यालयातल्या पंगतीसारखे: सतत खातात आणि मागे ढीग ठेवतात. त्यामुळे साधा फिल्टर पुरणार नाही, कॅनिस्टर घ्या, असं दुकानदारानं बजावलं आणि ते खरं होतं. कॅनिस्टर म्हणजे टँकखालच्या कपाटात बसणारा बादलीएवढा बंद डबा. एका नळीनं टँकमधलं पाणी खाली येतं, डब्यातल्या स्पंजमधून आणि सिरॅमिकच्या रिंगांमधून जातं, आणि झाकणात बसवलेली मोटर ते दुसऱ्या नळीनं वर पाठवते. दोन वर्षं हा डबा कपाटात गुपचूप घुरघुरत होता. घरातला तो एकमेव सदस्य, ज्याची कुणाबद्दल तक्रार नव्हती.

थेंब पहिल्यांदा आईला ऐकू आला. पाणी वाया जाण्याचा आवाज तिला दोन खोल्यांपलीकडून, टीव्ही चालू असताना ऐकू येतो. मी मारलेली हाक येत नाही.

"अरे, कपाटात काहीतरी गळतंय."

कपाट उघडलं. डब्याखालची फळी फुगली होती. झाकण आणि डबा जिथे मिळतात तिथून एक थेंब निघायचा, क्लिपेपाशी क्षणभर रेंगाळायचा, मग पोट धरून खाली यायचा. मी घड्याळ लावलं. पाच सेकंदांनी एक. साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर दिवसाला साडेआठशे मिलीलिटरच्या वर. हा आकडा मी आईला सांगायला नको होता.

"म्हणजे रोज तांब्याभर?" ती म्हणाली आणि खरंच तांब्या आणून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरलेला होता. तिनं ते पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातलं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बारावीला फ्लुइड्सचा धडा माझ्याकडेच आहे. पास्कल, पृष्ठताण, केशाकर्षण, सगळं. त्यामुळे घरात कुणाला काळजी वाटली नाही आणि मला फार वाटली. यातलं काही कळत नसलेल्या माणसानं प्लंबर बोलावला तर ती गरज असते. मी बोलावला तर ती बातमी होईल. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेतली. टँकमधल्या पाण्याची पातळी झाकणापेक्षा पाऊण-एक मीटर वर. झाकण साधारण वीस बाय वीस सेंटिमीटर. म्हणजे मोटर बंद असली तरी पाणी आतून त्या झाकणाला तीसेक किलोच्या जोरानं वर ढकलतंय. बोटाएवढ्या चार प्लॅस्टिकच्या क्लिपा दोन वर्षं हे ओझं पेलत होत्या. मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. मी भारावून बायकोला हे सांगितलं.

"मग तुम्हीच बसा की झाकणावर," ती म्हणाली. "सुट्टीच आहे तुम्हाला."

सुट्टी मे महिन्याची होती. बाहेर बेचाळीस. अशा दिवसांत फिल्टर बंद ठेवून निवांत दुरुस्ती करावी म्हटलं तर तेही शक्य नाही. त्या सिरॅमिकच्या रिंगांवर जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा कुठे मासे जगतात. पाणी वाहायचं थांबलं की या मंडळींचा ऑक्सिजन संपतो आणि काही तासांत वस्ती उठायला लागते. त्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. म्हणजे डबा चालू ठेवला तर फळी कुजणार, बंद ठेवला तर भजी-पापडी जाणार. शेवटी रिंगा टँकच्याच पाण्यात बादलीत काढायच्या, त्यात हवेचा छोटा पंप सोडायचा आणि डबा भराभर बघायचा, असं ठरलं. नळाचं पाणी रिंगांना चालत नाही, त्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. हे ऐकून आईला बरं वाटलं. नळाला पाणी नव्हतंच.

डबा काढताना दोन्ही नळ्यांच्या तोट्या बंद करायच्या असतात. मी पाणी खाली आणणाऱ्या नळीची तोटी बंद केली. दुसरी नळी पाणी वर नेते, त्यामुळे तिच्यातून खाली काही येणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं. हे मन सोळा वर्षं सायफन शिकवतंय. नळीचं वरचं तोंड टँकच्या पाण्यात बुडलेलं असेल तर नळी वर नेणारी आहे की खाली आणणारी, याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नसतं. नळी सुटली आणि तोंडावर जी धार आली ती पाहून माझ्याही तोंडून असे शब्द निघाले की कन्या पुढे चार दिवस ते भजी-पापडीला शिकवत होती. टँकमधलं पाणी त्या नळीच्या तोंडाखाली गेलं तेव्हाच धार थांबली. दीड बादली पाणी हॉलभर झालं. बायकोनं हाताला आली ती चादर टाकली, आणि ती निघाली चांगली जाड सोलापुरी. चादरीनं एका दमात सगळं पाणी प्यायलं हे खरं. पण ओली सोलापुरी चादर उचलणं म्हणजे झोपलेल्या काकांना दुसऱ्या खाटेवर हलवण्यासारखं आहे. दोघांनी दोन टोकं धरून ती न्हाणीत नेली, बादलीत पिळली आणि आईनं ते पाणीसुद्धा फरशी पुसायला ठेवलं.

मग सल्ले आले. समोरच्यांकडे पंप बसवायला आलेला प्लंबर पोरगा डोकावला आणि म्हणाला, "एमसील मारून टाका ओ सर, वरून गोल." पण हे झाकण दर महिन्याला साफसफाईला उघडावं लागतं, एमसील मारलं तर छिन्नीच लागेल. मग तो म्हणाला, व्हॅसलिन लावा. ते मी लावणारच होतो, पण दुकानदारानं फोनवर थांबवलं: पेट्रोलियम जेली काही जातींचं रबर फुगवते आणि सैल करते, सिलिकॉन ग्रीस लावा. माझ्या मेव्हण्यानं व्हिडिओ कॉलवर थेंब बघितला आणि "टाकून द्या तो डबा" म्हणून फोन ठेवला. माझा मेव्हणा आयुष्यात प्रत्येक गोष्टीवर हाच सल्ला देतो, अपवाद फक्त त्याच्या मोटरसायकलचा.

पाणी जिथून पडतं तिथून ते गळत असतंच असं नाही. थेंब क्लिपेखाली दिसतो, पण तो वरच्या नळीच्या सांध्यापासून डब्याच्या अंगावरून घरंगळत आलेला असू शकतो. म्हणून मी डबा खडखडीत पुसला, नळीच्या प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळला आणि झाकणाच्या कडेनं बायकोची टाल्कम पावडर भुरभुरली. वीस मिनिटांनी बघतो तर टिश्यू कोरडे, आणि पावडरीत झाकणाच्या फटीपासून खाली एक ओली रेघ. म्हणजे गुन्हेगार झाकणाखालचं रबरी वॉशर, ज्याला दुकानात ओ-रिंग म्हणतात. उघडून बघितलं. गोल असायला हवी ती रिंग दाबून दाबून शेवयाएवढी चपटी झालेली. जिथे ती बसते त्या खाचेत आमच्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे खवले. खवले व्हिनेगरनं निघाले. रिंग ऑनलाइन मागवली. पाच दिवसांनी आली ती दुसऱ्याच मॉडेलची, बांगडीएवढी. ती परत पाठवून बरोबर माप यायला आणखी सहा दिवस. कपाटाजवळून जाताना मी या काळात मान खाली घालून जायचो. कढीपत्त्याला मात्र या दिवसांत अशी काही पालवी फुटली की आईनं शेजारी वाटायला सुरुवात केली. माशांच्या पाण्यात नायट्रेट असतं, झाडांना ते मानवतं. "गळू दे की अजून चार दिवस," आई एकदा पुटपुटली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नवी रिंग बसवली. खाच आमच्या मऊ टॉवेलनं लख्ख पुसली, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला, रिंगेला पीळ पडू दिला नाही, समोरासमोरच्या क्लिपा एकदम लावल्या. दोन्ही तोट्या उघडल्या. डबा घुरघुरला. मी दहा मिनिटं जमिनीवर पालथा पडून बघत राहिलो. कोरडं. रात्री जेवताना दोन कडक भाकरी आणि शेंगा चटणी जास्तच गेली.

सकाळी तांब्यात तीन बोटं पाणी होतं.

पुन्हा उघडलं. रिंग नवी, खाच स्वच्छ, डब्याला चीर नाही. टॉवेलनं पुन्हा पुसलं, जास्त नीट पुसलं, बंद केलं. पुन्हा थेंब. आता आठ सेकंदांनी एक. तिसऱ्यांदा उघडलं, टॉवेलनं अगदी कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसलं. सहा सेकंदांनी एक. मी जितका नीट पुसायचो तितका तो आपला येतच होता. मला झोपेत फ्लुइड्सचा धडा दिसायला लागला. वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोरगा उभा राहून विचारतोय, "सर, तुमच्या घरी किती सेकंदांनी?"

आमच्या खालच्या मजल्यावर जॉबरमामा राहतात. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून त्यांची पस्तीस वर्षं गेली. माग बिघडला की जॉबर दुरुस्त करतो. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मागाशी बोलायची त्यांची स्वतंत्र एक भाषा असावी. कढीपत्ता घ्यायला वर आले होते. मी कपाटासमोर मांडी घालून बसलेला.

"काय करायलाव सर?"

सगळं सांगितलं. दाब, तीस किलो, खवले, नवी रिंग. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे घेतलं नाही, ते झाकणाकडे बघत होते. "काढा की," म्हणाले. मी दोन्ही तोट्या बंद करून (हे आता मी झोपेतही करतो) झाकण काढून हातात दिलं. मी चष्मा पुढे केला.

"चष्मा कशाला ओ. बोट पुरे."

त्यांनी डोळे मिटले आणि करंगळीचं नख रिंगेवरून गोल फिरवलं. सावकाश. अर्ध्यावर नख थांबलं. मागे गेलं. पुन्हा थांबलं. मग दोन नखांच्या चिमटीत काहीतरी धरून त्यांनी हळूच ओढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. पांढरा, बोटाच्या पेराएवढा, केसासारखा बारीक सुती धागा. रिंगेवर आडवा पडलेला होता. एक टोक डब्याच्या आत, एक बाहेर.

केशाकर्षण. धागा पाणी ओढतो, आणि धाग्याच्या दोन्ही अंगांना रबर घट्ट टेकत नाही, तिथे पाण्याला वाट मिळते. बारावीला मी हे रॉकेलच्या दिव्याची वात घेऊन समजावतो. पोरं वहीत आकृती काढतात, मी आकृतीला गुण देतो.

"बाईंचा पदर घासला का काय इथं?" मामांनी विचारलं. मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या टॉवेलाकडे गेली. टॉवेल उचलून त्यांनी त्याच्या लुपा अंगठ्यानं उलट्या फिरवल्या, कडेची शिवण ओढून बघितली, एक लुप सहज उपटून हातातल्या धाग्याशेजारी धरली. जुळली.

"हा आपल्याच गावचा माल हाय."

ज्या टॉवेलसाठी सोलापूरला भौगोलिक मानांकन आहे, त्या जातीच्या टॉवेलनं मी तीन वेळा, दर वेळी अधिक मन लावून, खाचेत नवा धागा पेरत होतो.

"पीळ कमी पडलाय," मामा टॉवेलाबद्दल म्हणाले, एखाद्या बिघडलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं. "असा सुटणारच. आमच्या वेळेला असा माल बाहेर जाऊ देत नव्हतो आम्ही." मग खाच त्यांनी नुसत्या ओल्या बोटानं पुसली, झाकण बसवलं, क्लिपा लावल्या. तोट्या उघडल्या. आम्ही तिघं खाली बघत राहिलो. आई तांब्या हातात घेऊन उभी.

काहीच पडलं नाही. पाच सेकंद, दहा, मिनिट. आईनं तांब्या परत नेला तेव्हा तिचा चेहरा पूर्ण आनंदी होता असं मी म्हणणार नाही.

बायकोनं चहा ठेवला. मामांनी जाऊन ग्रीसचे हात धुतले, मोजून अर्धा मग पाणी घेऊन, आणि बाहेर आले. तिनं सवयीनं टॉवेल पुढे केला. मामांनी टॉवेलाकडे एकदा बघितलं आणि हात पँटला पुसले.