एकशे चार टक्के संशोधन

पदवीच्या मुलांच्या संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आले आणि आमच्या एप्रिलची वाट लागली. लातूरचं ऊन, वर पत्रा, समोर 32 मुलं. सादरीकरणाला प्रत्येकी 10 मिनिटं म्हणजे 5 तास 20 मिनिटं. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांचं सूत जुळेपर्यंतचा वेळ यात धरलेला नाही.

पहिला आला तो आमच्याकडे पाठ करून भिंत वाचू लागला. विषय, ग्रामीण भागातील ऑनलाइन व्यवहार. नमुना निवड : सोयीस्कर.

"कुणाच्या सोयीची?" एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, विचारलं.

"माझ्या, सर."

इतकं प्रामाणिक उत्तर मी पीएचडीच्या व्हायवातही ऐकलेलं नाही. 50 उत्तरदात्यांपैकी 41 जणांचं आडनाव एकच निघालं. "भावकी हाय सर." टक्क्यांची बेरीज मात्र 104. वरचे 4 कुठून आले?

"सर, ते दोन्हीकडून बोलायलेत."

त्याच्या भावकीत असे चार टक्के असणारच, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

दुसऱ्याचा विषय सोयाबीन. सहाव्या स्लाइडवर अचानक सतलज नदी अवतरली. ही आपल्या कोणत्या तालुक्यातून जाते, असं विचारल्यावर तो मित्रांकडे बघू लागला. मागून आवाज आला, "मांजरेला मिळत असंल, सर." नंतरच्या सात-आठ जणांबद्दल काय सांगू? सगळ्यांचे निष्कर्ष 'जनजागृती होणे गरजेचे आहे' हेच होते. चहा दोनदा झाला.

सतराव्या नंबरला एक मुलगी उठली. विषय, गल्लीतलं साठवणीचं पाणी. तिनं शीर्षक वाचलं आणि लाइट गेली. पंखा थांबला, भिंत पांढरी झाली. आम्ही सुटकेनं घाम पुसू लागलो, तर ही बोलतच राहिली. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तेव्हा ती शाळेत होती. आता तिनं गल्लीतल्या 38 घरांतली टिपाडं, घागरी, हंडे टेपनं मोजले होते. नळ येऊन गेला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी 31 घरांत टिपाड काठोकाठ भरलेलं. "का भरून ठेवता म्हणून विचारलं, तर बायका मलाच येडी समजल्या, सर."

एक्स्टर्नल सर पहिल्यांदाच खुर्चीत पुढं सरकले. आमच्या घरीही मोरीत दोन टिपाडं आहेत. बायको त्यातलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून पुन्हा भरते. का, हे मी कधी विचारलेलं नाही.

अडचण गुणपत्रिकेवर आली. पीपीटीची मांडणी, 10 गुण. स्लाइड तर कुणी पाहिलीच नव्हती.

"रंगसंगती चांगलीच असणार," एक्स्टर्नल सर म्हणाले आणि अंधारात चाचपडत त्यांनी 10 लिहिले.

तेवढ्यात लाइट आली. भिंतीवर गुलाबी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं उमटली. सरांनी डोळे चोळले, पण आकडा खोडला नाही.