कोशात शब्द आहे, अर्थ कुठे आहे?

भाषातंत्रज्ञानाच्या चर्चेत एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो: वर्डनेटसारख्या, म्हणजे संगणकासाठी शब्दांचे अर्थ आणि त्यांचे संबंध नोंदवणाऱ्या, अर्थकोशांत रोजच्या वापरातले बहुतेक शब्द आले आहेत, राहिलेत ते नवे शब्द, आणि तेही आता मोठी भाषा-मॉडेल्स (प्रचंड मजकुरावरून भाषा शिकणारे संगणक-प्रोग्रॅम) शिकून घेतील, हातानं कोश करत बसायची गरज संपली. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

'शब्द आले आहेत' हे मोजमापच चुकीचं आहे. 'उतारा' घ्या. शाळकरी मुलाला तो धड्यातला परिच्छेद. तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा. विषावरचा उतारा वेगळा, दृष्ट काढून तिठ्यावर ठेवलेला दहीभाताचा वेगळा. आणि साखर कारखान्यात उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून किती टक्के साखर निघाली तो आकडा. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, त्यावरच ठरते: २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये. कोशात 'उतारा' आहे पण हा अर्थ नाही, असं झालं तरी शब्दसंख्या पुरेपूरच दिसते. शब्दच नसता तर कोश वापरणारी संगणक-प्रणाली अडली असती आणि आपल्या लक्षात आलं असतं. अर्थ नसला की ती जवळचा दुसरा अर्थ उचलते आणि न अडखळता पुढे जाते. 'यंदा उतारा घसरला' ही शेतकऱ्याच्या पैशाची बातमी आहे, तिथे परिच्छेद घुसला तर काय उपयोग?

राहिलेत ते फक्त नवे शब्द, हेही खरं नाही. इंग्रजी वर्डनेटची ३.० आवृत्ती २००६ ची. तिच्यात 'ट्वीट' म्हणजे पाखराची किलबिल. शब्द जुनाच, अर्थ नवा. मराठीत तर जुने अर्थही निसटू शकतात, कारण मराठी वर्डनेट मुख्यतः हिंदी वर्डनेटमधल्या संकल्पना समोर ठेवून भरलं गेलं. त्या पद्धतीमुळे थोड्या काळात खूप काम उभं राहिलं, ते करणाऱ्यांचे कष्ट मोठे आहेत. पण 'घाटात मला गाडी लागते' मधलं लागणं हिंदीच्या यादीवरून सहजी आठवत नाही.

अशा प्रणालींना अर्थ ओळखण्याच्या चाचणीत गुण चांगले पडतात म्हणावं, तर चाचणीचा मजकूर बहुधा त्याच कोशातले अर्थ लावून तयार केलेला असतो. त्या मजकुरातल्या शब्दांवर अर्थाची खूण करणाऱ्या माणसाला यादीतलाच अर्थ निवडायचा असतो. यादीबाहेरचा अर्थ हुकला तरी ती चूक मोजलीच जात नाही.

मॉडेल्स संदर्भावरून बरेच अर्थ ओळखतात, हे मान्य. पण ज्याबद्दल मराठीत फारसं लिहिलंच गेलं नाही, ते शिकणार कुठून? आणि नेमका अर्थ कळला की नाही, हे तपासायला उदाहरणांसह अर्थांची यादी लागतेच.

ती शून्यापासून करायची नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात एकेका क्रियापदाचे अर्थ ओळीनं मांडलेले आहेत. दोन्ही कोश संगणकावर शोधता येतात. लागणे, बसणे, काढणे, मारणे या चार क्रियापदांपासून वर्डनेटशी ताळा घालायला आजही सुरुवात करता येईल.