खुलासा : रंगांधत्व म्हणजे काळे-पांढरे दिसणे नव्हे
‘रंगांध व्यक्तींना सगळेच काळे-पांढरे दिसते, त्यामुळे संघांच्या पोशाखाचे रंग बदलून त्यांना काही उपयोग नाही’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक रंगांध व्यक्तींना रंग दिसतात, फक्त लाल व हिरव्यातला फरक ओळखणे कठीण जाते. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलो बिल्स संपूर्ण लाल आणि न्यूयॉर्क जेट्स संपूर्ण हिरव्या पोशाखात उतरले, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या कित्येकांना कोण कोणत्या संघाचा हेच कळेना. एक संघ गडद आणि दुसरा फिकट रंगात असता, तर ही अडचण सहज टळली असती. रंगांध खेळाडूही आहेत : ऑस्ट्रेलियाचा माजी यष्टिरक्षक मॅथ्यू वेड याने गुलाबी चेंडू दिसण्यातली अडचण उघडपणे सांगितली होती.