म्हैस वा खडक वा

चित्रप्रदर्शनाला गेले की मी चित्रांच्या आधी अभिप्रायवही शोधते. ती कुठे आहे हे कळलं की तिला वळसा घालून सटकायची वाट ठरवता येते. पण त्या दिवशी बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात वही ऐन दाराशी होती आणि वहीच्या मागे स्वतः काका उभे होते.

काका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे. बँकेतून निवृत्त झाले आणि जलरंगांच्या वर्गाला जाऊ लागले. सोसायटीचे हिशेब अजून तेच बघतात. एका वर्षी आठ रुपये जुळत नव्हते म्हणून त्यांनी वार्षिक सभा आठवडाभर पुढे ढकलली होती. तर त्यांच्या वर्गातल्या चौदा जणांनी मिळून हे प्रदर्शन भरवलं होतं, आणि सोसायटीतून कोण कोण आलं याची नोंद, मला खात्री आहे, काका मनातल्या मनात करत होते.

त्यांचं मुख्य चित्र वाईच्या घाटाचं. वाई म्हणजे चित्रकारांचं पंढरपूर. कृष्णेचा काठ, दगडी पायऱ्या, मागे ढोल्या गणपतीचं देऊळ. दर रविवारी कोणी ना कोणी तिथे बोर्ड मांडून बसलेलं असतं. काकांचं देऊळ ओळखू येत होतं, पायऱ्याही पायऱ्यांसारख्या होत्या. रंग मात्र मळले होते. जलरंगात एकावर एक हात फिरवत राहिलं की सगळे रंग मिळून फडक्याचा रंग होतो, तसे. आणि नदीच्या मधोमध, पायऱ्यांपासून दोन हातांवर, एक काळं काहीतरी होतं.

ती म्हैस असावी. किंवा खडक.

मी एकदा जवळून पाहिलं, मग लांब जाऊन पाहिलं. जवळून खडक, लांबून म्हैस. चष्मा काढला तर कोणीतरी डुबकी मारून वर येत होतं.

"काय, कसं वाटलं?" काकांनी पेन पुढे केलं. पेन दोरीने टेबलाला बांधलेलं होतं आणि दोरी इतकी आखूड की लिहिणाऱ्याने वाकलंच पाहिजे. बँकेची सवय, दुसरं काय. मी वाकले. आधीची पानं चाळत थोडा वेळ काढला. 'खूप सुंदर.' 'अप्रतिम!' 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' कोणा लहान मुलाने एका कोपऱ्यात मांजर काढलं होतं. तेवढी एक गोष्ट मला त्या दालनात मनापासून आवडली, पण तसं लिहिता येत नाही.

मी लिहिलं, 'रंग बोलतात.' खाली सही, आणि रकाना होता म्हणून फ्लॅट नंबर.

आता हे कबूल करायला हवं की मी शाळेत संस्कृत शिकवते. 'सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात् न ब्रूयात् सत्यमप्रियम्' हे सुभाषित किती वर्षं फळ्यावर लिहितेय, त्याची गणती नाही. खरं बोला, गोड बोला, कडू खरं बोलू नका. रिक्षात बसून घरी येताना मी हाच श्लोक ढालीसारखा पुढे धरला. पण फळ्यावर लिहिणाऱ्याला पुढची ओळही येत असते, हीच तर पंचाईत. 'प्रियं च नानृतं ब्रूयात्.' गोड असलं तरी खोटं बोलू नका. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात या दोन्ही ओळी एकाच श्लोकात आहेत. लोक पहिली ओळ म्हणतात आणि दुसऱ्या ओळीच्या आत चहा मागवतात. दोन्ही ओळी पाळायच्या तर अभिप्रायवहीसमोर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चक्कर येऊन पडणं.

"पण खोटं कुठे बोललीस?" नवरा म्हणाला. "बोलतातच की रंग. सगळे एकदम बोलतात एवढंच."

हीच युधिष्ठिराची पळवाट. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारायचा, द्रोणांना 'अश्वत्थामा मेला' एवढं मोठ्याने सांगायचं आणि 'हत्ती' हा शब्द ओठांतल्या ओठांत. तोवर म्हणे धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, आणि त्या एका वाक्यानंतर खाली टेकला. आमच्या रिक्षाचा तो प्रश्न नव्हता. ती आधीपासूनच खड्ड्यात होती.

नवऱ्याने एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. आता तो विमा विकतो. त्यामुळे घरात खऱ्याखोट्याचा विषय निघाला की त्याला भरून येतं. त्याने जेवताना कांट काढला. कांटने १७९७ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, मित्र तुमच्या घरात लपलाय, खुनी दारात येऊन 'तो आत आहे का' असं विचारतोय, तरीही खोटं बोलायचा तुम्हाला अधिकार नाही.

"कांटचं लग्न झालं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"तरीच," म्हणाल्या, आणि आमटी वाढून घेतली.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, काखेत फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चौकोनी काहीतरी. ते काय असणार हे मला ते उलगडायच्या आधीच कळलं.

"वही वाचली," काका म्हणाले. "सगळ्यांनी छान छान लिहिलंय. पण रंगांबद्दल तुम्ही एकट्याच बोललात. म्हटलं, हे चित्र तुमच्याकडेच हवं."

फ्रेम सुबक होती. काच चकाकणारी नव्हती; तिला जास्त पैसे पडतात हेही काकांनी सांगितलं, किती ते मी विचारलं नाही. आतला काळा आकार घरी आल्यावर जास्तच मोठा दिसत होता.

आमच्या हॉलमध्ये खिळा एकच. भिंत अशी की दुसरा मारायला गेलं तर खिळा वाकतो आणि वाटीएवढा गिलावा खाली येतो. त्या एकुलत्या खिळ्यावर कालनिर्णय असतं. त्यावर सासूबाईंच्या एकादश्या, दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या. घरातला सगळा इतिहास आणि थोडं भविष्य तिथे टांगलेलं. काकांची नजर फिरत फिरत नेमकी तिथेच थांबली.

"उजेड चांगला आहे इथे," ते म्हणाले. आणि कालनिर्णय फ्रिजवर गेलं.

पहिले पंधरा दिवस मी लबाडी केली. काका येऊन गेले की चित्र सोफ्याच्या मागे आणि कालनिर्णय परत जागेवर. काका लिफ्टने येत नाहीत, गुडघ्यांना व्यायाम म्हणून जिन्याने येतात, आणि त्यांच्या चपलेचा विशिष्ट आवाज आहे. तो ऐकू आला की लेक सोफ्यावरून उडी मारायची, मी कालनिर्णय खेचायचे. नऊ वर्षांच्या मुलीला मी काय शिकवतेय, हा विचार मनात यायचा. पण फ्रेम सरळ लागलीय ना हे बघण्यात तो मागे पडायचा. एके दिवशी काका स्पोर्ट्स शूज घालून आले. आवाजच झाला नाही. दार उघडं, खिळ्यावर कालनिर्णय, आणि सोफ्याला टेकून उलटं ठेवलेलं चित्र.

"काच पुसायला काढलंय," मी म्हणाले.

काकांचे डोळे भरून आले. "रोज पुसता?"

त्या दिवसापासून चित्र कायमचं खिळ्यावर गेलं.

आता ते रोज समोर. मी मनापासून प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. ज्या वस्तूची स्तुती आपण लेखी केलीय, ती आपल्याला आवडायला लागली तर सगळाच प्रश्न मिटतो. उशिरा का होईना, आपण खरं बोललो असं होतं. चहाचा कप घेऊन मी चित्रासमोर बसायचे. अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसून रसास्वादातली सात विघ्नं सांगून ठेवलीत. त्यातलं एक असं की प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुंतलेला असतो, मग त्याला रस कसा मिळणार? माझं अगदी हेच व्हायचं. घाटाकडे बघितलं की खिळा दिसायचा, खिळ्यावरून कालनिर्णय, कालनिर्णयावरून सिलिंडर कधी लावला होता ते आठवेना. कृष्णामाई राहिली बाजूला.

बाकीच्यांचं लक्ष फक्त त्या काळ्या आकारावर. लेक म्हणाली म्हैस. नवरा म्हणाला खडक, कारण म्हशीला शिंगं हवीत. लेक म्हणाली, शिंगं पाण्याखाली आहेत. दूधवाला पैसे घ्यायला आला होता, त्याला विचारलं. त्याने धंद्याच्या नजरेने पाहिलं आणि "म्हैस असली तर भाकड आहे" असं सांगितलं.

सासूबाई मात्र यात पडल्या नाहीत. त्यांचं माहेर वाईचं, हे मला अर्थातच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि लक्षात असणं यांत फरक आहे. दुपारी मी शाळेतून यायचे तेव्हा त्या खुर्ची चित्रासमोर ओढून बसलेल्या असायच्या. एकदा लेकीला सांगत होत्या, "हे देऊळ आहे ना, त्याची मागची भिंत नावेच्या टोकासारखी आहे. पुराचं पाणी दोन्हीकडे फुटून जावं म्हणून. रास्त्यांनी बांधलंय." मग बोटाने काचेवर दाखवत, "आणि इथे कृष्णाबाईचा उत्सव. इथे आम्ही बसायचो. इथे माझी चप्पल वाहून गेली." बोट नेमकं त्या काळ्या आकाराच्या अलीकडे थांबलं होतं. काचेवर बोटांचे ठसे उमटले होते. आता ती खरंच रोज पुसावी लागत होती.

रात्री मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने तत्त्वज्ञान काढलंच. म्हणाला, याला सौंदर्यानुभव म्हणता येणार नाही. आई चित्र बघतच नाही, माहेर बघते. कांटच्या हिशेबाने सौंदर्य बघताना आपला काही स्वार्थ नको. अभिनवगुप्तही वेगळं बोलणार नाही, हे मला कबूल करावं लागलं. थोडक्यात, आमच्या घरात त्या चित्राकडे रोज तासभर बघणारं एकच माणूस होतं आणि शास्त्राप्रमाणे तेच बाद होत होतं. बाकी आम्ही शास्त्रशुद्ध तिघं, आम्ही बघतच नव्हतो.

शेवटी मी धीर केला. काका सोसायटीच्या देखभालीची पावती द्यायला आले होते. चहा ठेवला आणि म्हटलं, "काका, राग मानू नका. ती पाण्यात म्हैस आहे की खडक?"

काका बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग पावतीपुस्तक मिटलं.

"डाग आहे तो," म्हणाले. "ब्रश हातातून निसटला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दोन्ही भरलेला. काळा रंग मी विकतसुद्धा घेत नाही, सर म्हणतात काळा मिसळून करायचा. टिपकागदाने उचलायला गेलो तर आणखी पसरला. जलरंगात खोडता येत नाही हो. कॅशबुकात कसं, लाल शाईने रेघ मारून सही करता येते."

"मग प्रदर्शनात का लावलंत?"

"फ्रेम आधीच झाली होती," काका म्हणाले. ज्यांनी आठ रुपयांसाठी सभा पुढे ढकलली होती, तेच काका. चहाचा घोट घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू? आमच्याकडे हे लावू देत नव्हते. मलाही बघवत नव्हतं. तुम्ही वहीत तसं लिहिलंत, म्हटलं, एवढं आवडलंय तर..."

दोघंही थोडा वेळ चहा पीत राहिलो. माझा खोटा अभिप्राय आणि त्यांची खोटी भेट, दोन्ही बाजू जमा-खर्चासारख्या पैशापर्यंत जुळल्या होत्या. मला वाटतं काकांनाही ते जाणवलं असावं, कारण ते एकदम प्रसन्न दिसायला लागले.

"घेऊन जातो परत," ते उठले. "मेणवलीचं केलंय मागच्या महिन्यात, ते आणून देतो. त्यात डाग नाही."

ते खिळ्यापर्यंत पोचले, तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. श्रवणयंत्र काढून ठेवलेलं असलं तरी घरातून एखादी वस्तू जायची असली की त्यांना बरोबर ऐकू येतं.

"असू दे ते," म्हणाल्या. "कालनिर्णयाची मला फ्रिजवर सवय झालीय."

चित्र राहिलं. मेणवलीचंही आलं, कारण काकांनी शब्द दिला होता. खिळा एकच असल्यामुळे ते सध्या सोफ्याच्या मागे आहे. काका जिन्यावरून उतरताना आता चपला मुद्दाम वाजवतात, असा मला संशय आहे.

परवा दिवाळीच्या फराळाला नणंदेचे यजमान आले होते. चिवड्याची बशी घेऊन भिंतीशी गेले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मान तिरकी करून जवळून पाहिलं, दोन पावलं मागे येऊन पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला. मग माझ्याकडे वळले, सासूबाईंकडे पाहिलं, हातातल्या बशीकडे पाहिलं.

"वा," म्हणाले. "रंग बोलतात अगदी."

सासूबाईंनी श्रवणयंत्र कानात नीट बसवलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "काय बोलतात?"