मुंबईत पाहुण्याला तिकीट काढणं एवढं अवघड का असावं?

परळला राहत असल्यामुळे टाटा आणि केईएम रुग्णालयांत येणारी माणसं रोज दिसतात. लातूर, यवतमाळ, चंद्रपूर, कुठून कुठून आलेली. यांना तिकीट बुडवायचं नसतं. पैसे हातात तयार असतात. कशाचे, किती आणि कुठे द्यायचे, एवढंच कुणीतरी सांगायला हवं असतं.

लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट 5 रुपयांपासून सुरू होतं. इतका स्वस्त प्रवास क्वचितच कुठे असेल. पण डब्यावरचे तिरके पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास, हे आपल्याला माहीत, नवख्याला कसं कळणार? गाडी थांबते काही सेकंद, समोर जो डबा येईल त्यात माणूस चढतो. मग टीसी गाठतो आणि भाड्यातल्या फरकाशिवाय वर 250 रुपये दंड. मागे एका म्हातारबाबांना मी बंडीच्या आतल्या खिशातून घडी केलेल्या नोटा काढताना पाहिलं. दंड नियमानेच होता. तरी मला फार वाईट वाटलं, कारण त्या पैशांत त्यांची दोन दिवसांची जेवणं झाली असती.

दादरला तर हमखास घोळ. कल्याणहून अंधेरीला जाणाऱ्याला तिथे गाडी बदलावी लागली तरी एकच तिकीट पुरतं, पण लोक दादरला उतरून पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. आणि 1, 3, 5 दिवसांचं पर्यटक तिकीट असतं, हे मुंबईकरांपैकी तरी किती जणांना ठाऊक आहे?

ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट सगळं एकत्र. चांगलंच झालं. पण ज्याच्याकडे बटणांचा फोन आहे त्याचं काय? त्याला अजूनही बेस्टचा कंडक्टरच जवळचा. मे 2025 मध्ये साध्या बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं, तरी त्या पैशांत तिकीट मिळतं आणि "काका, तुमचा स्टॉप आला, उतरा" अशी हाकही मिळते. म्हणून बिनकंडक्टरच्या गाड्या वाढवायला माझा ठाम विरोध आहे.

दादर, कुर्ला, सीएसएमटीला तिकीट खिडकीच्या वर ठळक मराठी-हिंदीत फलक लावा: कोणतं तिकीट कुठपर्यंत चालतं, फर्स्ट क्लासचा डबा कसा ओळखायचा, पर्यटक तिकीट केवढ्याला. आणि रोख पैसे घेणारी एक खिडकी शेवटच्या लोकलपर्यंत उघडी ठेवा.

तुमच्याकडे गावाहून कुणी येणार असेल तर हे त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा.